गौताळ्याच्या रानात दोन दिवस



आज आपण पुस्तक उघडणार नाही. फळ्यावरही काही लिहिणार नाही. माघ महिन्यात आपल्या वर्गातली बावीस माणसे गौताळ्याला जाऊन आली. जे आले नाहीत ते रोज विचारतात, "काय पाहिलं हो तिथं?" त्यांच्यासाठी आजचे हे बोलणे आहे. जे आले होते त्यांनी मधे हटकायला हरकत नाही. आमचे चुकले तर सांगा. एक चूक तर तिथेच आमच्या हातून झाली. ती पुढे येईलच. लपवणार नाही.

सहलीचा विषय काढला तेव्हा पहिला सवाल आपल्या आजींनी केला. "अवो, रान बघायला जायाचं? माजा जलम रानातच गेला. सरपण आणलं, गुरं राखली. आता पदरचं पैसं मोडून रान बघायचं व्हय?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण आजींचे म्हणणे खरे होते. रानात आपण जातो ते कामाला. मान खाली असते, डोक्यावर मोळी असते, आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचे असते. पाहुण्यासारखे रानात गेलो आहोत का कधी? पाहुणा ओसरीवर निवांत बसतो. घरात कोण कोण आहे ते बघतो. तसे दोन दिवस जाऊन बसायचे, एवढाच आमचा बेत होता. शेवटी आजी आल्याच. सगळ्यांच्या पुढे चालल्या, हेही सांगून टाकतो.

तर गौताळा आहे कुठे? आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच आहे. कन्नड तालुक्यात. वेरूळ आपल्याला ठाऊक असते, अजिंठा ठाऊक असतो. तिथे देशोदेशीचे लोक येतात. गौताळ्याचे नाव मात्र शेजारच्या तालुक्यातही पुष्कळांना माहीत नाही. आम्ही एसटीने कन्नडला उतरलो. तिथून भाड्याची गाडी केली. संभाजीनगराहून निघालात तर वेरूळवरून कन्नड साठ किलोमीटरच्या आसपास पडते, आणि तिथून रान जवळच.

या रानाचे सरकारी नाव 'गौताळा औट्रम घाट अभयारण्य'. 1986 साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सुमारे 260 चौरस किलोमीटरचा पसारा आहे. काही भाग आपल्या जिल्ह्यात, काही जळगाव जिल्ह्यात. अभय म्हणजे भीती नसणे. जिथे जनावराला माणसाचे भय नाही, ते अभयारण्य. गौताळा हे नाव गौतम ऋषीवरून पडले असे तिकडचे लोक सांगतात. आणि औट्रम हा होता एक इंग्रज. जेम्स औट्रम. 1825 नंतरची दहा वर्षे तो खानदेशात भिल्लांच्या पलटणीवर अधिकारी होता. कन्नडहून चाळीसगावला उतरणाऱ्या घाटाला त्याचे नाव चिकटले. इंग्रज गेला, घाट राहिला, नावही राहिले.

हा घाट साधा नाही बरे का. पावसाळ्यात दरडी येतात. 31 ऑगस्ट 2021 ला अशा दरडी कोसळल्या की वाहतूक बंद पडली. तेव्हा पावसाळ्यात त्या बाजूने जाणाऱ्याने आधी रस्त्याची चौकशी करावी, मगच निघावे.

आता डोंगराची एक गंमत सांगतो. ही सातमाळा-अजिंठ्याची रांग. तिच्या माथ्यावर आम्ही सगळ्यांना उभे केले आणि विचारले, "समजा, इथे पाऊस पडला. एक थेंब या पायाकडे, दुसरा थेंब त्या पायाकडे. कुठे जातील?"

उत्तर कोणाला येईना. उत्तरेला पडलेला थेंब ओढ्याने खाली चाळीसगावकडे जातो. तिथून गिरणा, गिरणेतून तापी, आणि तापीतून पश्चिमेच्या समुद्रात. दक्षिणेला पडलेला थेंब शिवनेत येतो. शिवना कन्नडवरून, आपल्या लासूरवरून वाहते आणि गोदावरीला, पैठणच्या नाथसागराला मिळते. तिथून पुढे गोदावरी पार आंध्रात जाऊन पूर्वेच्या समुद्रात पडते. शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब. एक मावळतीला गेला, एक उगवतीला.

यावर आपले एक काका म्हणाले, "म्हंजी आमच्या हिरीचं पाणी हितनं निघतंय म्हणा की!" सगळेच पाणी तिथून येत नाही. पण शिवनाकाठच्या विहिरींचे आणि त्या डोंगराचे नाते आहे, हे काकांनी बरोबर ओळखले. डोंगरावर झाड असले, गवत असले, की पावसाचे पाणी थबकते, मुरते. डोंगर उघडा पडला की तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. मग दोन दिवस नदीला पूर आणि चैतात वाळू.

रानात काय काय आहे? धावडा, सालई, अंजन, खैर, पळस. सीताफळी तर जिकडे तिकडे. माघात पळसाला कळे धरले होते. जनावरांत बिबट्या आहे, अस्वल आहे, तरस, लांडगा, कोल्हा, नीलगाय, भेकर, रानडुक्कर, वानर. मोर तर पुष्कळ. वाघ या रानातून कधीच नाहीसा झाला होता. पण 2021 च्या मार्चमध्ये वनखात्याने झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. आला कुठून? यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या रानातून. तीनशे किलोमीटरहून जास्त वाट त्याने तुडवली. शेते, ओढे, सडका ओलांडत रात्रीचा चालत आला. वाटेत किती गावांच्या शिवारातून गेला असेल, आणि गावकरी झोपेतच!

आम्हाला वाघ दिसला नाही. बिबट्याही नाही. त्याचा चिखलातला पाय तेवढा दिसला. खरे सांगायचे तर सगळ्यांना तेवढेच पुरले.

दुपारी पितळखोऱ्याची लेणी पाहिली. दरीत पायऱ्या उतरून जावे लागते. बरीच लेणी आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी. वेरूळच्या लेण्यांच्याही कितीतरी आधीची. दगड पुष्कळ ठिकाणी ढासळला आहे. पण दारापाशी ओळीने कोरलेले हत्ती बघितले की पाय थांबतो. भिंतींवर कुठे कुठे जुन्या रंगांच्या खुणा आहेत.

इथे आम्ही सगळ्यांना एक गोष्ट सांगितली. ती इथेही सांगितलीच पाहिजे. या लेण्यांत यक्षाची एक बुटकी, हसरी मूर्ती सापडली. आता ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर अक्षरे कोरलेली आहेत. काय लिहिले आहे? ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली. बस, एवढेच. राजा नाही, सरदार नाही. एक सोनार. त्याने आपले नाव लिहून ठेवले आणि ते आज वाचता येते. तिथल्या खांबांवरही दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत एक पैठणचा सुगंधी मालाचा व्यापारी आहे, मितदेव नावाचा. आपल्या पैठणचा माणूस!

हे ऐकून एक ताई भिंतीजवळ गेल्या. कोणा अलीकडच्या शहाण्याने खिळ्याने आपले नाव तिथे खरडले होते. ताईंनी ते एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचले. मग म्हणाल्या, "याला लिव्हायला कोणी शिकवलं वो?" आम्ही काय उत्तर देणार? मान खाली घातली.

अशा कपारींत आग्या मोहोळ असते. तिथे विडी ओढू नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये. माश्या उठल्या तर दरीतून पळायला जागा नाही.

आता मुक्कामाचे. अभयारण्यात वाटेल तिथे राहता येत नाही. आत जायला वनखात्याच्या नाक्यावर परवानगी घ्यावी लागते, आणि रात्री राहायचे तर खात्याने नेमून दिलेल्या जागीच. कुत्रे नेऊ नये. सरपण तोडू नये. आणि जाळ करू नये. रानाला धोका होईल असा जाळ करायला 1972 च्या वन्यजीव कायद्यात मनाई आहे. आम्ही म्हणून रानाच्या बाहेर, कडेला एका शेतकरी दादांच्या वावरात मुक्काम केला. त्यांनी जागा दिली, विहिरीचे पाणी दिले, वांगी दिली.

रात्र फार चांगली गेली. चांदणे होते. तीन दगडांची चूल मांडली. भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा. रानातून भेकराचे ओरडणे आले. कुत्र्याच्या भुंकण्यासारखेच, पण मोठे. आजींनी लगेच सांगितले, "बिबट्याचा वास आला असंल त्याला." मग कोण एकट्याने बाहेर जातो! रात्री उठायचे तर दोघांनी, हातात बॅटरी घेऊन, बोलत बोलत जायचे असे ठरले. अस्वलाच्या मुलखात हे ध्यानात ठेवावे. अस्वल आपण होऊन वाटेला जात नाही. पण अचानक समोरासमोर आले तर दचकते आणि अंगावर येते. माणसाची चाहूल आधीच लागली तर ते बाजूला होते.

सकाळी आमची चूक झाली.

चुलीवर आम्ही पाणी ओतले. राख काळी पडली. धूर थांबला. आम्हाला वाटले, विझली. सगळे सामान उचलून रानाकडे निघालो. पण चुलीत एक गोवरी होती. गोवरीचे तुम्हाला सांगायला नको. वरून भिजली तरी आत विस्तव धरून ठेवते. आपल्या आयाबाया त्याच विस्तवावर दुसऱ्या दिवशी चूल पेटवत. हे ठाऊक असून आम्ही बघितले नाही. कोणी हात घालून बघितले नाही, काडीने उकरले नाही.

अर्ध्या तासाने आजी मागे वळून म्हणाल्या, "त्यो धूर कशाचा?"

आम्ही धावलो. वारा सुटला होता. ठिणगी बांधावरच्या वाळल्या गवतात गेली होती आणि गवत भराभर पेटत चालले होते. बांधाच्या एका टोकाला रान. दुसऱ्या टोकाला दादांची कडब्याची गंजी. माणसे दोन्हीकडे पुरणार नव्हती. दादा ओरडले, "रानाकडं चला आधी! तिकडं गेला तर हातात ऱ्हाणार न्हाई!"

स्वतःची गंजी सोडून तो माणूस रानाकडे पळाला.

निंबाचे, पळसाचे ओले डहाळे तोडले आणि झोडपायला लागलो. बायांनी घमेल्याने माती टाकली. वाऱ्याच्या तोंडावर उभे न राहता बाजूने झोडपत यावे, हे त्या दिवशी आम्ही दादांकडून शिकलो. वनखात्याने गवत कापून, जाळून मोकळी ठेवलेली पट्टी पुढे होती. तिला जाळरेषा म्हणतात. तिथे जाळ थबकला, आणि मग सापडला. नाक्यावरचे वनरक्षकही तोवर आले. सगळा प्रकार आम्ही त्यांना जसा झाला तसा सांगितला.

रान वाचले. गंजी निम्मी गेली.

वर्गणी करून आम्ही कडब्याचे पैसे दिले. दादांनी ते घेतले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पैसं ठीक हायेत. पर जित्राबं पैसं खात न्हाईत. उन्हाळ्यात कडबा मिळंल का, बघतो." ते बोल अजून टोचतात. परवा आपल्या गावातून एक गाडी कडबा तिकडे पाठवला, हे तुम्हाला माहीत आहे. का पाठवला, ते सगळ्यांना माहीत नव्हते. आता कळले.

परत येताना गाडीत वाद झाला. एक काका म्हणाले, "गवत जळलं तर जळलं. जळल्यावर पालवी जोरात फुटती. आमी लहानपणी मुद्दाम काडी लावायचो." हे पुष्कळ गावांत म्हणतात. पालवी फुटते हे खरे आहे. पण गवताबरोबर अंजनाची, धावड्याची हातभर वाढलेली रोपे जळतात. जमिनीवर घरटे करणाऱ्या पाखरांची अंडी जळतात. मोठी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्या जागी उद्या येणारी झाडे गेलेली असतात. दरसाल असे झाले की रान म्हातारे होत जाते. घरात नुसते आजोबा, नातू एकही नाही. शिवाय उघड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की माती शिवनेत. काकांनी मान डोलावली. पूर्ण पटले असे वाटत नाही. काका, हसू नका, तुम्हालाच म्हणतो आहोत.

आता श्रावणात दुसरी खेप काढायची आहे. तेव्हा केदारकुंडाचा धबधबा भरून पडतो. चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीचे देऊळ आहे, तेही या खेपेला राहिले. तिथे पाटण गावात एक शिलालेख सापडला आहे. भास्कराचार्य हे मोठे गणिती. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी 1207 साली मठ काढला, त्याचा तो लेख आहे. आठशे वर्षांपूर्वीची शाळाच म्हणा.

या खेपेला जेवण शिजवून न्यायचे. चूल नाही. दशम्या, चटणी, शेंगदाणे. प्लास्टिकच्या पिशव्या न्यायच्या नाहीत. नेल्याच तर मोजून न्यायच्या आणि मोजून आणायच्या. धबधब्याखाली शेवाळावर पाय घसरतो, तेव्हा पोरांचा हात सोडायचा नाही. दादांच्या वावरात पुन्हा उतरायचे का, हे त्यांना विचारायचे आहे. पत्र आजींनी लिहिले आहे. चार ओळींचे आहे, आणि कडबा पोचला का, हे पहिल्याच ओळीत विचारले आहे.

ज्यांना यायचे असेल त्यांनी येत्या गुरुवारपर्यंत नाव द्यावे. तोंडी सांगू नका. दाराशी वही ठेवली आहे, तीत लिहा.