गावाच्या मध्यावरचे बिऱ्हाड

पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत बिऱ्हाड थाटायला निघालेल्या मराठी माणसास भाषेची अडचण फारशी भासत नाही. हा जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे त्याचे तालुके मुंबई राज्याकडे आले. आदिलाबाद शहर आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सीमा सरकली, घरातली मराठी मात्र जागची हलली नाही. घरमालक भाड्यास ‘अद्दे’ म्हणो, ‘किराया’ म्हणो, व्यवहार कळतो. कठीण प्रश्न निराळाच असतो. जागा भर गावात घ्यावी, की स्वस्ताईच्या लोभाने गावाबाहेर?

गावाबाहेरच्या घराचे भाडे कमी असते, हे खरेच. परंतु भाडे म्हणजे केवळ घरमालकाच्या हाती पडणारी रक्कम नव्हे. समजा, मध्यावरच्या जागेस महिन्याला हजार रुपये अधिक पडतात. आता दूरच्या घरातून दोन माणसे कामावर जातात आणि प्रत्येकास जाता-येता रिक्षाचे वीस-वीस रुपये लागतात असे धरले, तर सव्वीस दिवसांत दोन हजार ऐंशी रुपये वाटेवरच खर्ची पडतात. शिवाय रोजचे भाजीचे हेलपाटे, मुलांची शाळा आणि रात्री-अपरात्री दवाखान्याची धाव यांचा हिशेब कोणी लिहून ठेवीत नाही. मुख्यतः घरातील स्त्रियांना हे हेलपाटे पडतात, म्हणूनच बहुधा तो लिहिला जात नसावा. बाजार, बस आणि शाळा पायी गाठता येत असतील, तर बाईमाणसाला कोणाच्या वाहनाची वाट पाहावी लागत नाही.

तथापि मध्यावरची प्रत्येक जागा घेण्याजोगी असते असे नाही. दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की बाजाराच्या बाजूच्या रस्त्यांवर गाड्यांची वर्दळ वाढते. सकाळी शांत दिसलेली गल्ली दुपारी तशी राहत नाही. म्हणून जागा एकदा सकाळी पाहावी आणि एकदा संध्याकाळी. सिमेंटच्या गच्चीखालची वरची खोली हिवाळ्यात पसंत पडते, पण मे महिन्यात तीच भट्टीसारखी तापते. नळाला पाणी केव्हा येते, हे मालकास न विचारता शेजारणीस विचारावे. विजेचा मीटर स्वतंत्र आहे की नाही, तेही पाहावे. वापर वाढला की विजेचा दरही चढतो; दोन बिऱ्हाडांचा वापर एकाच मीटरवर पडला, तर दोघांनाही चढ्या दराने भरावे लागते.

आता कागदाचा विषय. भाडेकरूंच्या रक्षणासाठी या भागात १९६० चा भाडे नियंत्रण कायदा आहे खरा. परंतु २००५ च्या दुरुस्तीने तेव्हा ठरावीक रकमेहून अधिक भाडे असलेल्या जागा त्यातून वगळल्या. ही मर्यादा महानगरपालिकांच्या हद्दीत साडेतीन हजार आणि इतरत्र दोन हजार रुपयांची होती. तेव्हा भाडेकरूने केवळ कायद्याच्या भरवशावर राहू नये. अन्यथा करार नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार महिनेवारी भाडेकरूस पंधरा दिवसांच्या नोटिशीनेही जागा सोडावी लागू शकते. पंधरा दिवसांत मुलांच्या शाळेजवळ दुसरे बिऱ्हाड मिळवणे सोपे नव्हे.

या भागात भाडेपट्ट्याची मुदत कितीही असली, तरी त्याची नोंदणी करावी लागते; तरीही अकरा महिन्यांचा कागद करण्याची रीत पडली आहे. ती सोयीची वाटते. पण अकरा महिन्यांनंतर भाडे किती वाढेल, जागा सोडण्यास किती मुदत मिळेल आणि अनामत केव्हा परत होईल, हे त्या कागदात आधीच लिहून घ्यावे. कागद तेलुगूत किंवा इंग्रजीत असतो. मालकाशी मराठीत गोड बोलणे झाले म्हणून कागदातही तेच लिहिले असेल असे मानू नये. सहीपूर्वी तो जाणत्या माणसाकडून ओळीओळीने वाचवून घ्यावा, त्यात मालकाचा अपमान नाही. भाड्याची पावती दरमहा मागावी, आणि पावती देण्याची टाळाटाळ पहिल्याच महिन्यात दिसली, तर सामानाच्या गाठी पुरत्या सोडण्यापूर्वीच दुसरी जागा शोधायला लागावे.