भाग २३ : 'थोडंसं दुखतंय' म्हणू नका

आजचा भाग इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी आहे. विषय आहे इथल्या दवाखान्याचा. आणि सुरुवात करते आमच्याच चुकीपासून.

आम्ही सांगलीहून रेडिंगला आलो तो फेब्रुवारी महिना. घर, बँक, मुलीची शाळा या धावपळीत जीपीकडे नाव नोंदवायचं राहूनच गेलं. जीपी म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर. वाटलं, आजारी पडलो की जाऊ. सांगलीत तसंच असतं ना! गेलं, नंबर लावला, तासाभरात औषध घेऊन घरी. कान दुखला की कानाचा डॉक्टर, पोट दुखलं की पोटाचा. ठरवायचं आपणच.

तीन आठवडे झाले असतील. शनिवारी रात्री नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. ओवा झाला, हिंग झालं. रविवारी दुपारी दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि अंगात कणकण. आता जायचं कुठे? जीपी रविवारी बंद, आणि उघडा असता तरी आमचं नाव कुठेच नव्हतं. शेवटी शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, १११ ला फोन कर."

नवऱ्याने फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, किती दुखतंय? हा म्हणतो कसा, "थोडंसं, फार नाही." आणि बोलत होता पोट धरून, कमरेत वाकून! आपल्याकडे सवयच असते ना, डॉक्टरांसमोर उगाच बाऊ करायचा नाही. तिथे डॉक्टर चेहरा बघून, पोट दाबून ओळखतात. फोनवर कोण ओळखणार? मी फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, "कालपासून दुखतंय, जागा बदललीय, ताप आहे, त्याला सरळ उभं राहता येत नाही." त्यानंतर दोन-चार प्रश्न, आणि लगेच सांगितलं, आत्ता ए अँड ई मध्ये जा. म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग. रात्री अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. फुटायच्या बेतात होतं.

बिल? शून्य. म्हणजे फुकट नव्हे हं! व्हिसाच्या अर्जाबरोबर आपण आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो. २०२४ पासून तो मोठ्यांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि विद्यार्थ्यांना, मुलांना ७७६. त्यामुळे दवाखान्यात जाताना संकोच करू नका.

तर आता नीट सांगते. एनएचएस १९४८ साली सुरू झाली, आणि तिचं दार म्हणजे जीपी. स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही, बहुतेक वेळा जीपीच पाठवतो. म्हणून घराची किल्ली हातात आली की त्याच आठवड्यात नाव नोंदवा. पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.

जिवावरचं असेल, म्हणजे छातीत कळ, श्वास अडकणं, तोंड वाकडं होणं, तर सरळ ९९९. तातडीचं आहे पण कुठे जावं कळत नाही, तर १११. हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. घसा दुखणं, बायकांना लघवीची जळजळ, असल्या काही तक्रारींवर जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमधले फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतात. अँटिबायोटिक मात्र आपल्यासारखं नुसतं नाव सांगून मिळत नाही. आणि भारतातल्या गोळ्यांची ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. क्रोसिन नाही, पॅरासिटामॉल म्हणा. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव लिहून आणा.

आता आई-बाबांचं. ते व्हिजिटर व्हिसावर येतात, त्यांचा अधिभार भरलेला नसतो. जीपीने तपासणं आणि ए अँड ई मधले उपचार त्यांनाही मोफत आहेत; पण ॲडमिट केलं की बिल सुरू, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. माझी आई आली तेव्हा विम्याच्या अर्जावर आम्ही तिची शुगर आणि बीपी दोन्ही लिहिलं. हप्ता वाढला, आई कुरकुरली. पण जुना आजार लपवला आणि नेमका त्याचाच खर्च आला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

थांबावं लागतं, हे खरं. जीपीची वेळ मिळायला दिवस जातात, स्पेशालिस्टला महिने. पण थांबलेलं असताना त्रास वाढला तर परत फोन करा आणि स्पष्ट सांगा, "आधीपेक्षा वाढलंय." कधीपासून, कुठे, आणि त्यामुळे काय करता येत नाही, एवढं कागदावर लिहून मगच फोन लावा. आमच्या फ्रिजवर तो कागद अजून चिकटवलेला आहे.

तुमचं नाव जीपीकडे नोंदवलंय ना? नसेल तर हा भाग संपला की पहिलं तेच काम करा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात!