नुसतं ऐकू नका, वाचा

(सात रस्ता, सोलापूर इथं तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कलेचा आस्वाद म्हटलं की आपली पोरं उठायला लागतात. म्हणतात, हे सदाशिव पेठेतल्यांचं काम. मी म्हणतो, बसा. गाणं आणि फोटो वाचता आले नाहीत, तर त्याचा मार आपल्याच पाठीवर पडतो.

हलगीपासून सुरुवात करू. ती कडाडली की पाय थांबत नाहीत. पण म्हणून त्या आवाजात आनंदच असतो का? हीच हलगी आपल्या बापजाद्यांनी पाटलाच्या वरातीपुढं वाजवली, गावच्या मढ्यापुढं वाजवली, शिळ्या तुकड्यावर वाजवली. आज तीच १४ एप्रिलला वाजते. कातडं तेच, काठी तीच. तिथं हुकूम होता, इथं मर्जी आहे. म्हणजे भावना नुसत्या तालात नसते. कोण वाजवतंय, कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारल्याशिवाय ताल कळत नाही.

अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. वरवर ऐकली तर पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचा विरह. पण ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली आहे. ऐकता ऐकता मैना म्हणजे बेळगाव-कारवारचा तुटलेला मुलूख होऊन जाते. विरह खोटा नाही. त्या खऱ्या विरहावरच शाहिरानं राजकारण उभं केलंय. विरहावर थांबाल तर अर्धंच गाणं ऐकाल.

आता फोटो. इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे ८ खंड छापले. माणसं जात-जमातीवार मांडली आणि फोटोबरोबर त्या जमातीचा स्वभावही लिहून टाकला. त्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा आला. जन्मानंच गुन्हेगार! त्या कायद्याचं तारेचं कुंपण आपल्या सोलापूरनं सेटलमेंटमध्ये बघितलंय. फोटोतला माणूस गप्प असतो, बोलते ती खालची ओळ. ती ओळ कुणी लिहिली ते आधी बघा. मग सुधारक ओलव्यांनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो समोर धरा. तिथं दया मागितलेली नाही. शहराच्या घाणीचा हिशेब मागितलाय.

११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला म्हणून लोक रस्त्यावर आले. राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, १० माणसं मेली. वरून सांगण्यात आलं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं ते मान्य केलं नाही. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'मध्ये तो दिवस पुन्हा तपासला. त्यातून एवढं शिका : जळणारी गाडी चित्रात दिसते, पण ती गोळीबाराच्या आधी जळली की नंतर, हे चित्र आपण होऊन सांगत नाही. या आधी-नंतरच्या फरकात १० मुडदे गुन्हेगार ठरू शकतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेचा २०१३ चा 'फँड्री' आठवा. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं. डुक्कर निसटतं. सूर तोच, पण शाळेतल्या पोरांना तो एक ऐकू येतो, जब्याच्या बापाला दुसरा. आणि शेवटी जब्याचा दगड येतो तो थेट कॅमेऱ्यावर. म्हणजे खुर्चीत बसून बघणाऱ्या आपल्यावर!

हे सगळं आज का बोलतोय? कारण रात्री अकराला मोबाईलवर फोटो येतो, मागं एक भडक गाणं चिकटवलेलं असतं आणि दहा मिनिटांत आपली पोरं चौकात उतरतात. फोटो कालचा की पाच वर्षांपूर्वीचा, कुणी विचारत नाही. केस मात्र त्याच पोरांवर होते. नोकरी जाते. पाठवणारा घरी झोपलेला असतो.

तेव्हा पुढं ढकलायच्या आधी विचारा : कुणी काढलं? कुणासाठी? चौकटीबाहेर काय राहिलं? गाणं काढून टाकलं तर माझा राग शिल्लक राहतो का? राहिला तर तो राग आपला. मग खुशाल रस्त्यावर या. नाही राहिला, तर तो दुसऱ्यानं आपल्यात भरलेला आहे. दुसऱ्याच्या हुकमावर वाजणं आपण कधीच सोडलंय.

जय भीम!