अवधान-न्यूनता व अतिचंचलता : बालकांतील आणि प्रौढांतील
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या सभेत आम्ही खाटा, शस्त्रक्रिया आणि नवी यंत्रसामग्री यांचा तपशील मांडतो. तो अहवालात अन्यत्र दिलाच आहे. आज मात्र ज्याच्या निदानास एकही यंत्र लागत नाही, अशा एका विकाराविषयी बोलण्याची आपली अनुमती घेतो. रक्ततपासणी, एक्स-रे, एमआरआय यांपैकी कशातही तो सापडत नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार.

'पायाला भिंगरी', 'एका जागी बूड टेकत नाही', 'वांड', 'द्वाड' अशा शब्दांनी आपल्याकडे अशा मुलाची ओळख करून दिली जाते. प्रश्न पुरता होण्याआधीच ते उत्तर देऊन मोकळे होते, रांगेत थांबत नाही, दप्तर आणि डबा हरवून येते. याचे दुसरे रूप याहून शांत असते व म्हणूनच नजरेतून निसटते. खिडकीबाहेर पाहत बसलेली, सांगितलेले निम्मे विसरणारी मुलगी कोणालाही त्रास देत नाही. तिला 'मंद' ठरवून सारे मोकळे होतात. मुलींचे निदान उशिरा होते, त्याचे हे एक मोठे कारण.

प्रत्येक खोडकर मूल या विकाराचे नव्हे, हे येथेच स्पष्ट करणे अगत्याचे आहे. लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसू लागलेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे शिक्षणात वा व्यवहारात खरोखर अडथळा यावा, अशी निदानाची कसोटी आहे. जागतिक पातळीवर बालकांत याचे प्रमाण सुमारे ५ टक्के व प्रौढांत सुमारे अडीच टक्के मानले जाते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन मुले.

लंडन येथील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले, परंतु त्यांनाही तो नैतिक संयमाचा अभाव वाटला. त्यानंतरच्या शतकात विज्ञान पुष्कळ पुढे गेले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असल्याचे दिसते. घरोघरी मात्र अजून 'आईनेच लाडावून ठेवला' हाच निवाडा दिला जातो. आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या माता हा निवाडा सोबत घेऊनच येतात, आणि डॉक्टरांचा बराचसा वेळ तो उतरवून ठेवण्यात जातो.

सोलापुरात या कामास आणखी काही पदर आहेत. येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू या भाषा घराघरांत बोलल्या जातात आणि शाळांची माध्यमेही तितकीच. घरी तेलुगू बोलणारे मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात गप्प वा अस्वस्थ बसते, ते न समजल्यामुळे की विकारामुळे? ऐकू कमी येते काय? फळा दिसतो काय? झोप अपुरी आहे, रक्त कमी आहे, की क्षणभर भान हरपणारी अपस्माराची छटा आहे? हे सारे तपासल्याविना निदानाचा शिक्का मारणे अन्यायाचे होय. शिवाय मातेला प्रश्न तिच्याच भाषेत विचारावे लागतात. विडी वळणारी माता मुलाला घेऊन आली, की त्या दिवशीच्या विड्या कमी भरतात व मजुरी बुडते. तिला चार वेळा हेलपाटे घालावयास लावणे आम्हांस परवडणारे नाही.

पुष्कळदा मुलाची हकीगत ऐकता ऐकता शेजारी बसलेले वडील हळूच म्हणतात, 'मीही असाच होतो.' ते बहुधा 'होतो' नसते. वयानुसार धावपळ ओसरते, पण विसराळूपणा, अर्धवट कामे आणि उतावीळ निर्णय अनेकांत टिकून राहतात. जेकार्ड मागावर धागा तुटल्याचे वेळीच ध्यानात आले नाही, तर चादरीच्या नक्षीत दोष उतरतो; दुकानदाराची उधारी वहीत चढवायची राहून जाते. अशा माणसास जग आळशी वा बेजबाबदार म्हणते आणि कालांतराने तोही ते खरे मानू लागतो. प्रौढपणीही उपचार होतात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

उपचारांविषयी थोडे. सहा वर्षांखालील मुलांत प्रथम पालकांचे प्रशिक्षण करतात. मोठ्या मुलांत त्याच्या जोडीला शाळेतील बदल आणि गरजेनुसार औषध. पहिल्या बाकावर जागा, कामाचे छोटे तुकडे, मधूनच खडू आणावयास पाठवणे, या गोष्टींना पैसा लागत नाही. मिथाइलफेनिडेट हे प्रमुख औषध १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत येते, त्यामुळे ते सर्वच दुकानांत मिळत नाही व त्याची नोंद काटेकोर ठेवावी लागते. 'मुलाला नशेची गोळी देता काय?' असे आजोबा विचारतात. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेतलेल्या या औषधाने पुढे व्यसन लागण्याचा धोका वाढत असल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. भूक व झोप कमी होणे हे दुष्परिणाम मात्र खरे आहेत. त्यासाठी वजन, उंची व रक्तदाब वेळोवेळी पाहावा लागतो. मानसोपचार म्हणताच काहींना येरवडा आठवतो. या मुलांना कोठेही दाखल करावे लागत नाही.

शासनानेही पाऊल उचलले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ज्या ३० आजारांचा समावेश झाला, त्यांत हा विकार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मात्र अध्ययन-अक्षमतेचा उल्लेख आहे, अतिचंचलतेचा स्वतंत्र नाही. पालक प्रमाणपत्र मागतात तेव्हा हा भेद समजावून सांगावा लागतो. दोन्ही एकत्र असणेही विरळा नाही, म्हणून अध्ययन-अक्षमतेची चाचणी टाळू नये.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे येतो. एका नव्या मुलाच्या तपासणीस तास-दीड तास लागतो. शिक्षकांशी बोलणे त्याहून निराळे. तो वेळ समुपदेशकाचा असतो आणि ताळेबंदात तो 'वेतन' या आवर्ती खर्चात दिसतो. यंत्रावर देणगीदाराचा नामफलक लागतो, तशी सोय या खर्चात नाही. तरीही विश्वस्त मंडळासमोर आमचा प्रस्ताव आहे, की यासाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा आणि त्याच्या व्याजातून तेलुगू व कन्नड जाणणाऱ्या समुपदेशकाचे वेतन दिले जावे. वर्षभराच्या देणगीने पद निर्माण होते, परंतु पुढील वर्षी ते रिकामे होते आणि निम्म्यावर आलेली मुले सुटतात. व्याजावर चालणारे पद टिकते.

ज्या कुटुंबांस शंका असेल त्यांनी बालरुग्ण विभागात नाव नोंदवावे. येताना मुलाच्या वह्या, प्रगतिपुस्तक व शिक्षकांची चिठ्ठी आणावी आणि शक्यतो आईवडील दोघांनीही यावे. तत्काळ बोलावयाचे असल्यास शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून त्यावर मराठीतही बोलता येते.