स्लीपमधून उठताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो?

चहा घेऊन परत आलात, माऊस हलवला...
आणि स्क्रीनवर कंपनीचा लोगो!
म्हणजे डेस्कटॉप जागा झाला नाही, नव्याने सुरू झाला.

असं का होतं?
स्लीपमध्ये बहुतेक भाग बंद असतात.
रॅमला मात्र थोडी वीज मिळत राहते.
तुमचं उघडं काम तिथेच असतं.
ती वीज तुटली, की काम गेलं.

दोष सॉफ्टवेअरचा असू शकतो किंवा हार्डवेअरचा.
म्हणून आधी सॉफ्टवेअर तपासा, मग हार्डवेअर.

विंडोज आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा.
मदरबोर्डसाठी नवं बायोस आलंय का, पाहा.
विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक चालवा.

तरीही तेच?
मग मशीन बंद करा, प्लग काढा.
रॅमची पट्टी काढा...
क्लिपचा 'टक्' आवाज येईपर्यंत पुन्हा नीट बसवा.

शेवटी दुसरा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, लावून पाहा.
जागं होताना सगळे भाग एकदम वीज मागतात.
जुना एसएमपीएस कधीकधी तिथेच कमी पडतो.
तो स्वतः उघडू मात्र नका.

पुन्हा सांगतो...
आधी सॉफ्टवेअर, मग हार्डवेअर.
आणि दोष सापडेपर्यंत,
खुर्चीवरून उठण्याआधी काम सेव्ह करा.