कोळशाला काय चिकटतं?

कळंब तालुक्यातल्या आमच्या गटात बचतीतून कोळशाचा फिल्टर घ्यायचं चाललं होतं. विकणारा म्हणाला, "यातून सगळं निघतं." आम्ही विचारलं, सगळं म्हणजे काय?

पेन्सिलीचं शिसं म्हणजे कार्बनचे थरावर थर. त्यातला एकच थर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरमध्ये तो चक्क चिकटपट्टीनं सोलून काढला. फिल्टरचा कोळसाही अशाच थरांच्या वेड्यावाकड्या तुकड्यांचा. थरावर कोणता रेणू किती घट्ट बसतो, हे शास्त्रज्ञ संगणकावर मोजतात. रेणू उभा ठेवायचा, आडवा ठेवायचा, जवळ-लांब करायचा. दर वेळी तो सोडवायला किती ऊर्जा लागेल ते काढायचं. हिशोब एवढा मोठा की महासंगणक लागतो. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये 'परम ८०००' बनवला, त्या जातीचा.

बेंझिनसारखा चपटा रेणू तव्यावर भाकरी टेकावी तसा थरावर टेकतो. युरियातून विहिरीत उतरलेलं नायट्रेट मात्र पाण्यालाच धरून राहतं. म्हणून साधा कोळसा वास काढतो, नायट्रेट नाही. उकळूनही ते जात नाही, आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते बाधतं.

विहिरीचं पाणी तपासायला दिलंय. अहवाल येईपर्यंत पैसे पेटीतच.