वाळूतील चाक

चंदीगडास समुद्र नाही; पण वाळू आहे. शिवालिकच्या ठिसूळ टेकड्यांतून उतरणाऱ्या, एरवी कोरड्या ओढ्यांस तेथे ‘चो’ म्हणतात. १९५८ साली सुखना चो अडवूनच तेथील तलाव झाला. अशा पात्रात चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली जीपही रुतते. चालक घाईने वेग वाढवितो, आणि चाके पुढे न जाता स्वतःखालीच खड्डा खणतात. चार चाके, चार खड्डे! जाणता चालक थांबतो, वाळू उपसतो, टायरांतील हवा थोडी सोडतो. टायर पसरतो, भार विभागतो, गाडी हलते. मात्र डोंगरावर ढग दाटले, तर गाडी सोडून माणसांनी आधी काठ गाठावा. कोकणच्या पुळणीवर भरती निदान वेळ पाळून येते; चोचा पूर ती पाळीत नाही.